डावा दिवा विझायचा : आफ्टरमार्केट झेनॉन हेडलाइटचं गुहागरमधलं एक प्रकरण

गाडी टुरिस्ट परवान्याची, छोटी हॅचबॅक, मुळात एच-फोर हॅलोजन दिव्यांची (एकाच बल्बमध्ये अप्पर म्हणजे लांबच्या आणि डिपर म्हणजे जवळच्या झोतासाठी दोन तारा). मालक गुहागर तालुक्यातले. रात्रीच्या रेल्वेने चिपळूण स्टेशनवर उतरणारी माणसं पालशेत, वेळणेश्वर, हेदवीपर्यंत नेऊन सोडायची, हा त्यांचा मुख्य धंदा. मधूनच कुंभार्ली घाट चढून कराडची फेरी, दापोलीकडचं गिऱ्हाईक असलं की धोपावे-दाभोळ फेरीबोट. काम बहुतेक अंधारातलं आणि गाडी बाराही महिने खाऱ्या हवेत. पुढे जे सापडलं त्याचं मूळ या दोन गोष्टींत आहे.

तक्रार त्यांनी अशी सांगितली : "दादा, चालत्या गाडीत डावा दिवा विझतो. स्विच बंद करून परत लावला की पेटतो. बल्ब नवा घातला, चोक नवा घातला, तरी जातोच. पाऊस असला की हमखास." बॅलास्टला, म्हणजे झेनॉन बल्ब पेटवून पेटता ठेवणाऱ्या डबीला, आमच्याकडे सगळे चोकच म्हणतात. शिवाय डाव्या बाजूचा अप्पर लागत नव्हता आणि डावा प्रकाश गुलाबी पडला होता. हॅलोजन काढून झेनॉनचं किट आधीच्या वर्षी एका दुकानात बसवलं होतं, बल्बवर ८००० केल्व्हिन छापलेलं (केल्व्हिन हे प्रकाशाच्या रंगाचं माप, आकडा मोठा तितका प्रकाश निळसर). त्या दुकानाने दोनदा सुटे भाग बदलून दिले होते आणि दोन्ही वेळा काही दिवस बरं वाटलं होतं.

'काही दिवस बरं वाटलं' हे गिऱ्हाइकाने सांगितलं की मी सुट्या भागांवरून लक्ष काढून घेतो. भाग बदलताना कपलर (वायरींचा प्लास्टिकचा जोड) ओढला जातो, थिंबल (वायरीच्या टोकाची धातूची कडी) हलतं, गंजाचा थर खरवडला जातो आणि थोडा काळ वाट मोकळी होते. दोष बल्बमध्ये असता तर नव्या बल्बबरोबर तो कायमचा गेला असता.

त्यांच्या बोलण्यात आणखी एक मोलाची गोष्ट होती : स्विच बंद करून लावला की पेटतो. हॅलोजनचा जोड ढिला असेल तर दिवा खड्ड्यागणिक जातो आणि आपोआप परत येतो, कारण तिथे नुसती तार तापायची असते. झेनॉनमध्ये तार नाही. दोन टोकांमधल्या वायूतून ठिणगी पेटते आणि ती टिकवायचं काम बॅलास्ट करतो. पेटवताना वीस हजार व्होल्टच्या वरचा झटका लागतो, पेटल्यावर बल्बवर साधारण ८५ व्होल्ट राहतात. बॅलास्टला येणारं व्होल्टेज ठरावीक पातळीखाली गेलं, साधारण ९ व्होल्टच्या आसपास, की तो स्वतःला बंद करून घेतो. पुष्कळ बॅलास्ट मग स्विच फिरवेपर्यंत पुन्हा प्रयत्नच करत नाहीत. म्हणून 'विझतो आणि विझलेलाच राहतो' या तक्रारीत पहिला संशय पुरवठ्यावर घ्यावा.

गाडी भर दुपारी गॅरेजसमोर उभी केली तेव्हा दोन्ही दिवे ठणठणीत चालले. दोष रात्री, पावसात आणि एसी-वायपर चालू असताना येत असेल तर तपासणीही तशीच घ्यावी लागते. इंजिन चालू केलं, एसी, ब्लोअर, वायपर, मागच्या काचेचा हीटर, जे जे होतं ते सगळं लावलं आणि बोनेटच्या कडेवर मुठीने दोन ठोके दिले. डावा दिवा थरथरला आणि गेला.

अदलाबदल

सगळ्यात स्वस्त तपासणी अदलाबदलीची. दिवे बंद, किल्ली काढलेली, बल्ब पूर्ण निवलेले, हात कोरडे. बॅलास्टच्या पुढच्या वायरीत जीव घेण्याइतकं व्होल्टेज असतं, त्यामुळे चालू दिव्याचा कपलर ओढून बघण्याची सवय ज्यांना आहे त्यांनी ती सोडावी. बल्बच्या काचेला बोट लावू नये. बोटाचं तेल काचेवर राहिलं की तेवढीच जागा जास्त तापते.

आधी फक्त बल्ब बदलले, डावा उजवीकडे आणि उजवा डावीकडे. गुलाबी रंग बल्बबरोबर उजवीकडे गेला. विझणं डावीकडेच राहिलं. म्हणजे दोष एक नव्हता, दोन होते. गुलाबी बल्ब म्हणजे आयुष्य संपत आलेला बल्ब. तो बदललेला असूनही इतक्या लवकर का संपला, तर एकेका रात्री तो अनेकदा विझून पुन्हा पेटवला जात होता. या दिव्यांची झीज नुसत्या जळण्यापेक्षा पेटताना जास्त होते. गरम बल्ब लगेच पेटवायचा तर झटकाही जास्त मोठा लागतो. आधीच्या दुकानाने गुलाबी रंग पाहून बल्बला दोष दिला, पण तो बल्ब दुसऱ्याच दोषाने मारला होता.

मग बॅलास्टची अदलाबदल केली. विझणं तरीही डावीकडेच. बल्ब सुटला, बॅलास्ट सुटला. उरली डाव्या बॅलास्टपर्यंत येणारी वायरिंग.

भाराखाली मोजणं

या प्रकरणाचं सगळं सार या टप्प्यात आहे, म्हणून आकड्यांसह लिहितो.

इंजिन चालू, बॅटरीच्या दोन टोकांवर १४.१ व्होल्ट. डाव्या बॅलास्टचा कपलर काढून मोजलं तर १४.०. मीटर हातात असूनही पुष्कळ ठिकाणी तपासणी इथेच थांबते : "सप्लाय बरोबर येतोय, चोक गेलाय." पण कपलर काढल्यावर वायरीतून प्रवाह जवळजवळ वाहतच नाही आणि प्रवाह नसेल तर खराब जोडावर व्होल्टेज पडत नाही. बागेतल्या शिपण्याच्या पाइपात पाला अडकला असला तरी तोटी बंद असताना दाब पूर्ण दाखवतो. किती अडकलंय ते तोटी उघडल्यावर कळतं.

म्हणून कपलर लावून, दिवा पेटवून, कपलरच्या पाठीमागून पिना टोचून मोजलं. उजव्या बॅलास्टवर १३.५. डाव्यावर ११.३. पेटतानाच्या पहिल्या काही सेकंदांत डावीकडचा काटा ८ च्या आसपास जाऊन येत होता.

आता हे व्होल्टेज कुठे जातंय ते शोधायचं. मीटरची एक पिन बॅटरीच्या प्लसवर, दुसरी डाव्या बॅलास्टच्या प्लसवर, दिवा चालू : ०.४ व्होल्ट. जरा जास्त, पण चालणारं. मग एक पिन बॅटरीच्या मायनसवर, दुसरी बॅलास्टच्या मायनसवर : २.४ व्होल्ट. उजवीकडे हाच आकडा ०.३ होता. चौदा पूर्णांक एकमधून ०.४ आणि २.४ वजा केले की बरोबर ११.३ उरतात. हिशोब जुळला आणि दोष अर्थिंगमध्ये, म्हणजे बॅटरीच्या मायनसकडे परत जाणाऱ्या वाटेत, आहे हे एकही स्क्रू न खोलता ठरलं.

डीसी क्लॅम्प मीटरवर डावा बॅलास्ट ३.७ अँपिअर घेत होता. म्हणजे अर्थच्या वाटेत साधारण ०.६५ ओहम. हाच रोध मीटर ओहमवर ठेवून, दिवा बंद असताना मोजायला गेलो असतो तर हाती काही लागलं नसतं. साध्या मीटरच्या पिनांचा आणि वायरींचाच रोध त्याच्या निम्म्यापर्यंत जातो आणि वर गंजाचा जोड भार नसताना वेगळं दाखवतो, भाराखाली वेगळं.

एवढ्याशा रोधाने दिवा का विझावा? हॅलोजनला व्होल्टेज कमी पडलं तर तो मंद जळतो आणि प्रवाहही कमी घेतो, म्हणजे परिस्थिती स्वतःच सावरते. बॅलास्टचं उलट आहे. बल्बला ठरलेले ३५ वॅट द्यायचेच असल्याने व्होल्टेज घसरलं की तो प्रवाह वाढवतो. वाढलेला प्रवाह त्याच खराब जोडावर आणखी व्होल्टेज पाडतो, म्हणून बॅलास्ट आणखी प्रवाह ओढतो. सगळे भार लावून इंजिन आयडलवर ठेवलं तेव्हा बॅटरीवर १३.० राहिले, डाव्या बॅलास्टवर ९.७ आले आणि प्रवाह ४.३ वर गेला. म्हणजे कड्याच्या टोकावर. त्यात एक खड्डा, जोडाचा रोध क्षणभर जरासा वाढणं, आणि बॅलास्ट बंद. मार्गताम्हाणे ते शृंगारतळी या रस्त्यावर पावसाळ्यात खड्ड्यांना तोटा नसतो.

खात्रीसाठी एक मोकळी जाड वायर घेतली, डाव्या बॅलास्टच्या मायनसपासून थेट बॅटरीच्या मायनसवर धरली. डावीकडे १३.६ दिसले. बोनेटवर ठोके, एसी, वायपर, काही केल्या दिवा हलला नाही. वायर काढली की पुन्हा थरथर. दोष असा हुकमी आणता आला आणि घालवताही आला, की मगच पाने हातात घ्यावेत असं माझं ठाम मत आहे.

बोल्टाखाली काय होतं

डाव्या बॅलास्टची अर्थची वायर समोरच्या पत्र्यावर, बॅटरीच्या ट्रेजवळच्या एका बोल्टाखाली होती. त्याच बोल्टावर गाडीच्या मूळ डाव्या हेडलाइटची अर्थही होती. किट बसवणाऱ्याने तयार बोल्ट दिसला म्हणून आपलं थिंबल त्यातच सरकवलं होतं, रंग न खरवडता. वरून बॅटरीची वाफ, समोरच्या जाळीतून खारट हवा, फेरीबोटीवर पुढच्या रांगेत उभं राहिलं की थेट तुषार. बोल्ट फिरवताच पापुद्रे पडले. थिंबल हिरवंगार.

थिंबल कापून वायर सोलली तर आतलं तांबं काळं. आणखी कापली, अजून काळं. जवळजवळ वीतभर वायर गेल्यावर लख्ख तांबं लागलं. किनाऱ्यावरच्या गाड्यांत हे नेहमी आढळतं आणि घाटावरच्या मेकॅनिकला ते पटकन खरं वाटत नाही. खारं पाणी थिंबलच्या उघड्या तोंडातून शिरतं आणि तारांच्या बारीक फटींतून आवरणाच्या आत चढत जातं. बाहेरून वायर नवी दिसते. अशा काळ्या तांब्यावर नवं थिंबल दाबलं तर काम एक पावसाळाही टिकत नाही, शिसंही त्याला धरत नाही. लख्ख तांबं लागेपर्यंत कापायचं, वायर आखूड पडली तर नवी टाकायची.

अप्परचा दोष वेगळा आणि सोपा निघाला. एच-फोरच्या झेनॉन किटमध्ये ठिणगी एकच असते. अप्पर दिला की एक छोटा सोलेनॉइड (विजेवर चालणारा चुंबकी दांडा) बल्ब पुढे-मागे सरकवतो किंवा पडदा हलवतो. उजवीकडून 'टक' आवाज यायचा, डावीकडून नाही. किटच्या रिलेचे (लहान प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच) सॉकेट तोंड वर करून बांधलेले होते, त्यामुळे त्यात पाणी साठून एक पिन गंजून तुटायला आली होती. रिले कायम पिना खाली करून बांधावा. ही गोष्ट फुकट आहे आणि तिने निम्मी दुरुस्ती वाचते.

दिव्याच्या पाठीमागचं रबरी झाकणही किटचे जाड कपलर आत घालायला सुरीने कापलेलं होतं. डाव्या दिव्याच्या आत दव साचून रिफ्लेक्टरचा चकाकता थर खालच्या बाजूने उडू लागला होता.

दुरुस्ती

दोन्ही बॅलास्टच्या अर्थ पत्र्यावरून काढून अडीच चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या नव्या वायरींनी थेट बॅटरीच्या मायनसवर आणल्या. थिंबल दाबून बसवलं, वर आतून गोंद असलेली, तापवल्यावर आवळणारी श्रिंक ट्यूब, म्हणजे तोंडातून पाणी शिरायची वाट बंद. मूळ हेडलाइटच्या अर्थचा बोल्ट बदलला, पत्रा चकाकेपर्यंत घासला, थिंबल आवळलं आणि नंतर वरून व्हॅसलीन चोपडलं. क्रम महत्त्वाचा : आधी धातूला धातू, मग व्हॅसलीन. रिले आणि सॉकेट नवे, पिना खाली. फ्यूज बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरात, २० अँपिअरचा. आधी तो रिलेच्या पलीकडे होता, म्हणजे बॅटरीपासून फ्यूजपर्यंतची सगळी वायर विनासंरक्षण, तीही पत्र्याच्या धारेवरून गेलेली. आग अशाच वायरींतून लागते.

पुन्हा मोजलं. डावीकडे अर्थच्या बाजूला २.४ च्या जागी ०.१५. सगळे भार लावून, ठोके मारून, पाण्याचा फवारा मारून दोन्ही दिवे स्थिर. सगळ्या सामानाचा खर्च त्यांनी आधी बदललेल्या एका बॅलास्टपेक्षा कमी आला.

तक्रार इथे मिटली होती. तरी संध्याकाळी गाडी सपाट जागी भिंतीसमोर उभी केली, कारण मूळ प्रश्न अजून बाकी होता : यांना किट लागलंच का?

ते म्हणाले, हॅलोजन फार मंद होते, घाटात काही दिसायचं नाही. म्हणून किट काढून मूळ होल्डरमध्ये ६०/५५ वॅटचे नवे हॅलोजन लावले. अर्थचा तो बोल्ट आता दुरुस्त झालेला होता, तरी गाडीच्या मूळ वायरिंगवर, स्विचमधून फिरून येणाऱ्या लांब वाटेने, डाव्या बल्बवर ११.७ व्होल्ट मिळाले. जुना गंजका बोल्ट होता तसा परत वाटेत जोडून पाहिला तर ११.०. हॅलोजनचा प्रकाश व्होल्टेजच्या साधारण ३.४ व्या घाताने बदलतो. १३.२ ऐवजी ११.० मिळाले की प्रकाश जवळजवळ निम्म्यावर येतो. ज्या बोल्टाने झेनॉन विझवला, त्यानेच आधी हॅलोजन मंद केला होता. किट त्या दोषावर उपाय म्हणून आलं आणि त्याच दोषावर उभं राहिलं.

मग किटसाठी टाकलेल्या नव्या रिले-वायरिंगवरच हॅलोजन जोडले. बल्बवर १३.४.

भिंतीवर फरक डोळ्यांना दिसत होता. हॅलोजनचा डिपर : वरची कडा स्वच्छ, डावीकडे थोडी चढत गेलेली. झेनॉनचा डिपर : प्रकाश जास्त, पण कडेच्या वर सगळीकडे सांडलेला. एच-फोरच्या रिफ्लेक्टरचा प्रत्येक पैलू बल्बमधल्या तारेच्या नेमक्या जागेसाठी घडवलेला असतो आणि डिपरच्या तारेखाली वाटीसारखा पत्रा असतो, जो खालच्या अर्ध्या भागात जाणारा प्रकाश अडवतो. झेनॉनची ठिणगी आकाराने वेगळी, टोकांशी जास्त तेजस्वी. तिला तो रिफ्लेक्टर लागू पडत नाही. कारखान्यातूनच झेनॉन घेऊन येणाऱ्या गाड्या, १९९१ मधल्या बीएमडब्ल्यूच्या सात मालिकेपासून, त्या ठिणगीसाठी बनवलेल्या दिव्यांसह येतात. युरोपच्या नियमांत २००० ल्युमेनच्या (ल्युमेन हे प्रकाशाचं माप) वरच्या अशा दिव्यांना आपोआप कोन जुळवणारी यंत्रणा आणि काच धुणारा फवारा बंधनकारक झाला, तो चकाकी आवरण्यासाठीच. आपल्याकडे केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम १०६ सांगतो की समोर ८ मीटरवर, जमिनीपासून दीड मीटर उंचीवर असलेल्या डोळ्याला प्रकाशाने दिपवू नये. हे किट त्या कसोटीत बसत नाही हे भिंतीवर उघड दिसत होतं आणि टुरिस्ट गाडीला पासिंग चुकत नाही.

कायद्यापेक्षा मला रस्त्याची काळजी जास्त वाटते. आमचे रस्ते अरुंद, कडेला गटार किंवा जांभ्याचा गडगा, आणि काळोखात चालणारी माणसं पुष्कळ : आरती करून परतणारी, जाळी घेऊन बंदरावर निघालेली, एसटी चुकलेली. समोरून येणारा मोटारसायकलवाला पाच सेकंद आंधळा झाला तर त्याला जायला जागाच नसते. वर ८००० केल्व्हिनचा निळसर प्रकाश. ३५ वॅटच्या चांगल्या ४३०० केल्व्हिनच्या झेनॉनचा प्रकाश ३२०० ल्युमेनच्या आसपास असतो. रंग निळा करत गेलं की तो घटतो. कुंभार्लीच्या धुक्यात निळी भिंत समोर उभी राहते, ओल्या डांबरावर रस्त्याचा पोत दिसत नाही. स्वच्छ कोरड्या रात्री तो झगझगीत वाटतो म्हणून माणसं फसतात.

हे सगळं मालकांना सांगितलं आणि रात्री दोन्ही जोडण्या आळीपाळीने लावून चिपळूण रस्त्यावर स्वतः चालवून बघायला सांगितलं. परत आल्यावर त्यांनी हॅलोजन ठेवायला सांगितलं. "समोरचा आता डिपर मारत नाय," म्हणजे दिवे मिचकावून तक्रार करत नाही, एवढंच बोलले. १००/९० वॅटचे बल्ब घालू का, असंही विचारलं. नाही म्हटलं : होल्डर वितळतो, रिफ्लेक्टर जळतो आणि तेही नियमबाह्यच. काढलेलं किट दुसऱ्या कुणाच्या गाडीला देऊ नका, बल्बमध्ये किंचित पारा असू शकतो म्हणून उकिरड्यावरही टाकू नका, हे बजावलं.

पावसाळा संपल्यावर गाडी तपासणीला आली. दिवा चालू ठेवून अर्थच्या बाजूचं व्होल्टेज पुन्हा मोजलं : डावीकडे ०.२, उजवीकडे ०.१५. बॅटरीच्या मायनसवर पांढरी भुकटी धरू लागली होती, ती गरम पाण्याने धुतली आणि पुन्हा व्हॅसलीन लावलं. रबरी झाकणं नवी बसवलेली असल्याने आत दव नव्हतं, पण डाव्या दिव्याचा उडालेला रिफ्लेक्टर तसाच आहे आणि त्या बाजूचा प्रकाश भिंतीवर अजून फिका पडतो. तो घासून किंवा रंगवून परत येत नाही. पासिंगच्या आधी डावा दिवा पूर्ण बदलायचं ठरलं आहे.